घरी इंग्रजी तपासणारं कोणी नसताना वाचन-लेखनाचा सराव कसा करायचा

मराठी माध्यमात आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलांची अडचण पुस्तकांची नसते, तपासणाऱ्याची असते. दहा ओळी लिहिल्या, पण त्या बरोबर आहेत का हे सांगणार कोण? वर्ग भरलेला, सरांना पोर्शन संपवायचा असतो, घरी इंग्रजी जेमतेम सहीपुरतं. क्लासमध्ये तर निबंध लिहून घेत नाहीत, लिहून देतात. न तपासलेलं रोज लिहीत गेलं तर हात वळतो खरा, पण चुकाही त्याच वळणाने पक्क्या होतात.

म्हणून छापलेल्या उताऱ्यालाच तपासायला बसवायचं. एक छोटा इंग्रजी उतारा नीट वाचायचा, आपल्या मराठीत उतरवायचा, पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहायचं आणि मूळ उताऱ्याशी शब्द न् शब्द ताडून पाहायचं. वाचन आणि लेखन एकाच मालावर होतं, आणि चूक कोणी सांगावी लागत नाही, समोर दिसते.

पुढे जाण्याआधी एक सूचना. इथे वाचायला सोपं जावं म्हणून इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. तुमच्या वहीत मात्र इंग्रजी हे इंग्रजी लिपीतच हवं. पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा. तसं लिहिलं की डोळा वरची देवनागरीच वाचतो, खालच्या स्पेलिंगकडे जातच नाही. वर्षभर वाचलेला धडा परीक्षेत लिहिताना स्पेलिंग आठवत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

उतारा निवडताना

60 ते 80 शब्दांचा, सलग अर्थाचा परिच्छेद घ्या. नववीत असाल तर सुरुवात नववीच्या पुस्तकाने करू नका, सहावी-सातवीच्या करा. यात कमीपणा काही नाही. वाचून समजणं आणि स्वतः लिहिता येणं यांत दोन-तीन इयत्तांचं अंतर असतंच. अंदाज घ्यायचा असेल तर साधारण 100 शब्द वाचा आणि अडलेले शब्द बोटांवर मोजा. पाचापेक्षा जास्त निघाले तर तो उतारा वाचायला ठेवा, लिहायला नको.

बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर हजारो गोष्टी फुकट आहेत. त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. लिहिण्याच्या सरावाला दुसऱ्या-तिसऱ्या पातळीच्या गोष्टी बऱ्या. पण तिथलं तयार मराठी भाषांतर उचलू नका. भाषांतर करणारा गोष्ट रंगवण्यासाठी वाक्यं मागेपुढे करतो, तोडतो, जोडतो. मग ताडून पाहताना जुळत नाही आणि चूक आपली की भाषांतराची, हे कळत नाही.

वर्तमानपत्रातल्या बातम्यांचे मथळे या कामाला अजिबात नकोत. जागा वाचवण्यासाठी मथळ्यात ‘अ’, ‘द’ गाळतात आणि कालची घटना वर्तमानकाळात सांगतात. ज्या दोन गोष्टी आपल्याला शिकायच्या, त्याच तिथे नसतात. मथळ्याखालची बातमी घेतली तर चालेल. कविता गाळा.

पहिला दिवस: तीनदा वाचायचं

पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, न थांबता वाचा. अडलेला शब्द तसाच सोडून पुढे जा. शेवटी एवढंच सांगता आलं पाहिजे की हे कोणाबद्दल आहे आणि काय झालं.

दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा. मराठी वाचताना आपण क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबतो, आणि नकळत इंग्रजी वाचतानाही तसंच करतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. लांब वाक्यात गोंधळ होतो तो यामुळेच. हे वाक्य पाहा:

‘द ओल्ड मॅन हू सोल्ड ग्वावाज निअर द एसटी स्टँड हॅड नेव्हर बीन टू स्कूल.’

इथे क्रियापदं दोन आहेत, ‘सोल्ड’ आणि ‘हॅड बीन’. ‘हू’ दिसला की तिथून पेन्सिलीने कंस उघडा आणि ‘स्टँड’पाशी बंद करा. कंसाबाहेर उरलं ते मुख्य वाक्य: म्हातारा कधी शाळेत गेला नव्हता. कंसातला मजकूर म्हाताऱ्याची ओळख. मराठीत ही ओळख नामाच्या आधी येते, ‘एसटी स्टँडजवळ पेरू विकणारा म्हातारा’. इंग्रजीत ती नामाच्या मागून येते. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ असलेल्या वाक्यांवर आठ दिवस असे कंस घातले की पाठाबाहेरचा उतारा वाचताना लागणारी धाप बरीच कमी होते.

तिसऱ्या वाचनात ‘इट’, ‘दे’, ‘हिज’, ‘धिस’ या शब्दांपासून मागे बाण काढा. बाण ज्या नामावर टेकतो, त्याबद्दल ते बोलणं आहे. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं चुकतात, त्यांतली बरीचशी हा बाण भलतीकडे गेल्यामुळे.

शब्दकोश उघडायचा तो आत्ता, तिसऱ्या वाचनानंतर. इंग्रजी-इंग्रजी-मराठी असा कोश शाळेच्या ग्रंथालयात असेल तर तोच घ्या, कारण त्यात शब्दाबरोबर वाक्यही असतं. पहिला दिसलेला अर्थ उचलू नका. ‘शी लेफ्ट द हाउस’मधल्या ‘लेफ्ट’चा अर्थ ‘डावा’ असा वहीत लिहिलेला पुष्कळ वेळा दिसतो. शब्द क्रियापदाच्या जागी बसलाय की नामाच्या, हे आधी पाहिलं तर ही फसगत होत नाही. शब्दांच्या वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहून उपयोग नाही. तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा. रोज पाच शब्द बस झाले.

आता उतारा मराठीत उतरवा. मराठी सरळ हवं, आईला सांगाल तसं. ‘तो होता एक मुलगा जो राहत होता’ असं इंग्रजीच्या सावलीतलं मराठी लिहिलंत तर उद्याचं काम म्हणजे नुसती नक्कल होईल. वाक्यांची संख्या तेवढी मूळ उताऱ्याइतकीच ठेवा, म्हणजे ताडायला सोपं जातं.

दुसरा दिवस: उलटा प्रवास

मध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. लगेच लिहायला बसलात तर मूळ वाक्यं डोक्यात घोळत असतात आणि सराव फक्त पाठांतराचा होतो.

मराठीवरून इंग्रजी लिहा. पेनाने, एक ओळ सोडून, खाडाखोड झाली तर होऊ द्या. शब्द आठवला नाही तर थांबू नका, तिथे मराठी शब्दच लिहून पुढे जा. मग मूळ उतारा उघडा आणि लाल पेनाने सोडलेल्या ओळीत दुरुस्त्या करा. एक तुकडा करून पाहू.

मराठी: पावसाळ्यात आमच्या गावाचा पूल पाण्याखाली जातो. मग मुलांना लांबच्या रस्त्याने शाळेत जावं लागतं. गेल्या वर्षी शाळा तीन दिवस बंद होती.

मुलाने लिहिलं: ‘इन मॉन्सून अवर व्हिलेज ब्रिज गो अंडर वॉटर. देन द चिल्ड्रन हॅज टू टेक लाँगर रोड टू गो स्कूल. लास्ट इअर स्कूल वॉज क्लोज थ्री डेज.’

मूळ उतारा: ‘इन द मॉन्सून, द ब्रिज टू अवर व्हिलेज गोज अंडर वॉटर. देन द चिल्ड्रन हॅव टू टेक अ लाँगर रोड टू स्कूल. लास्ट इअर द स्कूल वॉज क्लोज्ड फॉर थ्री डेज.’

चुका आठ. त्यांची जात लावा, कारण नुसती संख्या काही शिकवत नाही. ‘द’ दोनदा आणि ‘अ’ एकदा गाळला, या झाल्या तीन. कर्ता-क्रियापदाचा मेळ दोन ठिकाणी बिघडला: पूल एक म्हणून ‘गोज’ हवं, मुलं अनेक म्हणून ‘हॅव’ हवं. ‘टू’ आणि ‘फॉर’ हे शब्दयोगी काम करणारे शब्द दोनदा राहिले. ‘क्लोज’चं ‘क्लोज्ड’ झालं नाही, ही एक क्रियापदाच्या रूपाची. ‘अवर व्हिलेज ब्रिज’ मात्र चूक नाही, तेच सांगायची दुसरी तऱ्हा आहे.

चूक कोणती आणि नुसता फरक कोणता, हा प्रश्न इथे हमखास येतो. ढोबळ नियम असा ठेवा: बारीक शब्दांत आणि शब्दांच्या शेपटांत फरक पडला (‘अ’, ‘द’, ‘टू’, ‘एस’, ‘ईडी’) तर ती चूक धरा. मोठ्या शब्दात फरक पडला, म्हणजे ‘बिग’च्या जागी ‘लार्ज’ आला, तर चूक धरू नका, दोन्ही शब्द लिहून ठेवा. नियम अगदी काटेकोर नाही, पण शंभरातल्या बहुतेक वेळा भागतं.

समासात खुणा करा: ‘अद’ म्हणजे ‘अ, ॲन, द’, ‘मे’ म्हणजे मेळ, ‘श’ म्हणजे ‘इन, ऑन, टू, फॉर’सारखे शब्द, ‘क्रि’ म्हणजे क्रियापदाचं रूप, ‘स्पे’ म्हणजे स्पेलिंग. आठवड्याच्या शेवटी मोजा. जी खूण सगळ्यांत जास्त, त्याच एका गोष्टीवर पुढचा आठवडा. पाचही आघाड्यांवर एकदम लढायला गेलं की एकही सर होत नाही.

मराठीमुळे होणाऱ्या चुका

आपल्या चुका मनाला येतील तशा होत नाहीत, त्या मराठीच्या वाटेने होतात. वाट ओळखली की अडवता येतात.

सगळ्यांत चिवट आहे तो ‘मला’. मला दोन भाऊ आहेत, मला ताप आला, मला भूक लागली, मला पोहता येतं, मला जावं लागलं. या ‘मला’चं मुलं ‘टू मी’ करतात किंवा वाक्य तापापासून सुरू करतात: ‘फीव्हर केम टू मी’. इंग्रजीत यांतली झाडून सगळी वाक्यं ‘आय’ने सुरू होतात: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅड अ फीव्हर’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय कॅन स्विम’, ‘आय हॅड टू गो’. सराव असा करा: दिवसभरात तोंडून निघालेली ‘मला’ची पाच वाक्यं रात्री लिहा आणि पाचही ‘आय’ने सुरू करून दाखवा.

दुसरी वाट ‘की’ची. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ मागे सरकतो आणि ‘उद्या’सुद्धा बदलतो: ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. व्याकरणाच्या तासाला हे नियम म्हणून येतं आणि कोरडं वाटतं. मराठीत हा बदल करावा लागत नाही, हे एकदा ध्यानात आलं की नियम का लागतो तेही कळतं.

तिसरी चूक दुहेरी शिक्क्याची: ‘आय डिड नॉट वेंट’, ‘शी डझ नॉट गोज’. भूतकाळाचा शिक्का ‘डिड’वर एकदा बसला की पुढचं क्रियापद कोरं. ‘डझ’मध्ये ‘एस’ आलाच आहे, पुढे पुन्हा नको. प्रश्नातही तेच. ‘का’ लावून प्रश्न करायची आपली सोय इंग्रजी लेखनात नाही, म्हणून ‘यू लाइक मँगो?’ असं न लिहिता ‘डू यू लाइक मँगोज?’ असं लिहावं लागतं.

चौथी, ठरलेल्या जोड्यांची. आपण परीक्षा ‘देतो’, पण इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपण फोटो ‘काढतो’, तिथेही ‘टेक’. आपण स्वप्न ‘पाहतो’, तिथे ‘हॅव’. लाइट ‘ओपन’ होत नाही, ‘स्विच ऑन’ होतो. अशा जोड्या नियमाने सुटत नाहीत, भेटतील तशा जोडीनेच टिपायच्या.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला मात्र मराठी मुलांकडे एक हुकमी किल्ली आहे. स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर पाहू नका, शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. ‘अवर’, म्हणजे तास, याची सुरुवात ‘एच’ने असली तरी देवनागरीत ‘अ’ येतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ ‘यू’ने सुरू होते, पण देवनागरीत ‘य’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. आणि म्हणूनच ‘ॲन एसटी बस’. ‘द’साठी अशी किल्ली नाही. वाचणाऱ्याला कोणती वस्तू ते आधीच माहीत आहे का, एवढा प्रश्न प्रत्येक नामाला विचारत राहायचं. उताऱ्यात एखादा कुत्रा पहिल्यांदा आला तर ‘अ डॉग’, दुसऱ्या वाक्यापासून ‘द डॉग’.

स्पेलिंगचं थोडक्यात. ‘रायटिंग’मध्ये ‘टी’ एक आणि ‘रिटन’मध्ये दोन, ‘डायनिंग’मध्ये ‘एन’ एक आणि ‘डिनर’मध्ये दोन. आधीचा स्वर ‘रि’, ‘डि’ असा आखूड ऐकू आला तर व्यंजन बहुधा दुहेरी येतं. ‘व’ आणि ‘व्ह’मधला फरक उच्चारात पाळा, म्हणजे ‘डब्ल्यू’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल होणार नाही. चुकलेला शब्द दहादा खरडू नका. तो बघा, झाका, एकदा लिहा, उघडून ताडा. चुकला तरच पुन्हा.

स्वतःचं लिहिताना

तिसऱ्या दिवशी तोच उतारा साचा म्हणून वापरा. पुलाच्या जागी तुमच्या गावची पाण्याची टाकी घ्या, वस्तीतला खड्ड्यांचा रस्ता घ्या, आणि सहा-सात वाक्यं लिहा. मूळ उताऱ्यातल्या निदान तीन वाक्यरचना त्यात आल्या पाहिजेत. बाकी तुमचं. पाठ केलेल्या निबंधापेक्षा हे साधं दिसतं, पण विषय थोडा फिरवून आला की पाठ निबंध कोलमडतो. ‘माझा आवडता सण’ घोकलेला असतो आणि प्रश्न येतो ‘गावातल्या जत्रेची बातमी लिहा’.

दहावीच्या तृतीय भाषेच्या 80 गुणांच्या लेखी पेपरात पाठाबाहेरचा उतारा, त्याचा सारांश, पत्र, तक्त्यावरून परिच्छेद आणि शेवटी भाषांतर असं सगळं असतं. म्हणजे इथला सराव पेपरापासून लांब नाही. सारांशासाठी मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांशाचं माप ठेवा: 150 शब्दांचा उतारा, तर साधारण 50. आधी उदाहरणं आणि पुनरुक्ती पेन्सिलीने खोडा, उरलेल्यातून प्रत्येक मुद्द्याचं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत करा. मूळ वाक्यं कापून चिकटवली तर सारांश दिसतो, पण गुण जातात. पत्रात ‘डिअर सर’ने सुरुवात केली तर शेवट ‘युवर्स फेथफुली’, नाव घालून केली तर ‘युवर्स सिन्सिअरली’. ‘युवर्स’मध्ये ‘एस’च्या आधी वरचा स्वल्पविराम कधीच येत नाही. तक्ता आला तर सगळे आकडे वाक्यात ओतू नका. आधी तक्ता कशाचा ते एका वाक्यात, मग सर्वांत मोठा आकडा, सर्वांत लहान आकडा, आणि एक तुलना.

मोबाइलचं काय

भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी घालून इंग्रजी काढू नका, तो सराव ॲपचा होतो. उलटं करा: तुमचं इंग्रजी वाक्य घाला आणि मराठी काय येतं ते पाहा. मराठी अर्थ भलताच आला तर इंग्रजी वाक्यात बहुधा मोडतोड आहे. अर्थ बरोबर आला म्हणून वाक्य शुद्ध आहे असं मात्र समजू नका. गाळलेला ‘द’ किंवा ‘गोज’च्या जागी ‘गो’ हे ॲप मुकाट्याने चालवून घेतं आणि अर्थ बरोबर देतं. लिहायचं ते कागदावरच, कारण कीबोर्ड तुमची स्पेलिंगं तुम्हाला न विचारता सुधारतो.

रोज 30 ते 40 मिनिटं धरली तर एका उताऱ्याला तीन दिवस लागतात, म्हणजे आठवड्यात दोन उतारे. रविवारी फक्त वाचन, न लिहिता, जे आवडेल ते. वही एकच ठेवा आणि प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी चुकांचा आकडा गोल करून लिहा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो फारसा हलत नाही, कधी वाढतोही, कारण पूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसायला लागलेल्या असतात. ओळीने तीन उताऱ्यांत चुका तीनपेक्षा कमी आल्या की वरच्या इयत्तेचं पुस्तक घ्या. वर गेल्यावर आकडा एकदम दहापर्यंत चढला तर खालच्याच पुस्तकातले आणखी चार उतारे करा, मग पुन्हा वर.